पिवळ्या कपाचं माप

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर जो लाल पट्टा दिसतो, त्याची लांबी सहा मीटर चाळीस सेंटिमीटर आहे. मी स्वतः टेप लावून मोजली आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य हा आकडा सरळ दहावर नेतात, आणि ऐकणारा जरा भोळा दिसला तर बारावर. बाकी त्यांनी माझ्याविरुद्ध जे काही लिहून दिलं आहे ते बहुतेक खरं आहे. पण लांबीच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेणार नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे आणि बावीस वर्षं लोकांच्या तराजूंमधली खोट काढण्यात माझा जन्म चालला आहे.

या सगळ्याची सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून झाली. त्यांना आम्ही दोघंही बाबा म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या आणि बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. पलीकडच्या खोलीतलं घड्याळ दोन सेकंद मागे पडलं तर त्यांना बसल्या जागी कळतं, पण जेवायला मारलेली हाक तीनदा मारल्याशिवाय ऐकू येत नाही. येतात, दोन घास खातात, "छान आहे" म्हणतात आणि उठतात. खारट झालं तरी छान, करपलं तरी छान. एकदा बायको मीठच घालायला विसरली, तेव्हाही छानच होतं. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. ती त्यांनी स्वतःच पाडली, अगदी सारख्या अंतरावर. बायकोनं ती भोकं पाहिली, न्हाणीघरात गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली की डोळ्यांत साबण गेला.

अशात एका संध्याकाळी बाबांनी ताट बाजूला सारलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तिचं ते बरणीतलं बीट असतं तर खाल्लं असतं."

आठ महिन्यांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. बायकोच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला.

सासूबाईंचं बीट म्हणजे उकडून, काप करून, व्हिनेगरमध्ये साखर, लवंग, दालचिनी घालून मुरवलेलं बीट. त्यांच्या वहीत त्याची कृती चार ओळींत होती. एक किलो बीट उकडणे. व्हिनेगर एक बाटली. पिवळा कप भरून साखर, पिवळा कप भरून पाणी. मीठ अंदाजे. बायकोनं दुसऱ्याच दिवशी ते केलं. बाबांनी एक काप अर्धा खाल्ला आणि छान आहे म्हणाले. तिनं पुन्हा केलं. या वेळी त्यांनी पाव काप खाल्ला.

मी चौकशी केली तेव्हा असं निष्पन्न झालं की बायकोनं साखर आमच्या रोजच्या स्टीलच्या कपानं मोजली होती. पिवळा कप घरात होता. सासूबाईंच्या सामानातून तिनं तो जपून आणला होता आणि काचेच्या कपाटात सगळ्यात वर ठेवला होता. तो वापरायचा तिला धीर होत नव्हता. काठाला एक टवका उडालेला साधा पिवळा कप, पण त्याच्याकडे बघताना ती आवाज खाली आणत असे. मी म्हटलं, अगं, कृतीत पिवळा कप लिहिलाय आणि तू स्टीलचा घेतेस, हे म्हणजे लिटरचं दूध वारानं मोजण्यासारखं आहे. हे काम माझ्या खात्याचं आहे, मी करतो. ती "नको" म्हणाली. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला नको हा शब्द जसा ऐकू यायला हवा तसा येत नाही.

आता कोणीही म्हणेल की कप घरात आहे तर भरून साखर ओतावी आणि मोकळं व्हावं. पण बीट पुन्हा करायचं, दरवर्षी करायचं, आणि कप फुटला तर? एकदा त्याची धारणक्षमता मिलीलिटरमध्ये काढली की कप कपाटात सुखानं बसेल आणि आकडा कायमचा आपला होईल. हा विचार मला इतका पटला की मी सोमवारी कप मफलरमध्ये गुंडाळला आणि ऑफिसला घेऊन गेलो. "आईचा आहे," एवढंच बायको दारातून म्हणाली. मी म्हटलं, सरकारी प्रयोगशाळेत जातोय, याहून सुरक्षित जागा नाही.

प्रयोगशाळेत कोणतीही वस्तू नोंदीशिवाय आत न्यायची नाही हा नियम आहे. इतर अधिकारी तो सर्रास धाब्यावर बसवतात. मी बसवत नाही. मी रीतसर अर्ज भरला. 'वस्तूचा प्रकार' या रकान्यात 'माप' असं लिहिलं, कारण 'कप' लिहिणं मला हलकं वाटलं. मग प्रमाणित काचपात्रातून पाणी ओतून मी तो कप काठोकाठ भरला, तीनदा. दोनशे दहा मिलीलिटर. अहवालही लिहिला: 'रंग पिवळा. काठाला एक टवका. आत, काठाच्या एक बोट खाली, बारीक आडवा ओरखडा. टवका व ओरखडा एकाच हत्याराचे असावेत.' हे शेवटचं वाक्य मी निव्वळ सवयीनं लिहिलं. बनावट मापं पाहून पाहून डोळ्यांना तसं वळण पडलं आहे. लिहिलं आणि विसरलो.

कप परत घ्यायला गेलो तर आमच्या भांडारपाल बाईंनी तो कुलूपबंद कपाटात ठेवला होता.

या बाई तिशीच्या आहेत, किल्ली गळ्यात घालतात आणि काम शिकल्या आहेत माझ्या हाताखाली. त्यांनी शांतपणे सांगितलं की सर, हे माप आहे असं आपणच लिहिलंत. मापावर शिक्का नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. परिपत्रक क्रमांक चौदाप्रमाणे ते जप्त होतं आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी हातोड्यानं नष्ट केलं जातं. परिपत्रक क्रमांक चौदा मी लिहिलेलं आहे. त्या हातोड्याचं वजनसुद्धा मी ठरवून दिलेलं आहे.

मी म्हटलं, मग माप खोडून कप करा. त्या म्हणाल्या, नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, परिपत्रक नऊ. तेही माझंच. मी म्हटलं, बाई, हा माझ्या सासूबाईंचा कप आहे. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, नातेवाइकांचा माल म्हणून सूट देऊ नये, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलंत."

मी पहिल्या दिवशी त्यांना इतकं कशाला सांगत बसलो हे आज मला आठवत नाही. शेवटच्या शुक्रवारला अकरा दिवस होते. तोवर काहीतरी मार्ग काढू म्हणून मी कपाशिवाय, फक्त आकडा घेऊन घरी आलो. बायकोला सांगितलं की तपासणी जरा बारकाईनं चालली आहे.

रविवारी मी बीट आणायला बाजारात गेलो. माझ्या पेशाचा एक त्रास कोणाच्या लक्षात येत नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीची दोन वजनं मी कधीकाळी जप्त केली होती. मी तिच्याकडे दोन किलो बीट मागितलं. तिनं पारडं जमिनीला टेकेपर्यंत भरलं. मी म्हटलं, हे जास्त होतंय. तिला वाटलं मी टोमणा मारतोय. तिनं आणखी चार घातली. मी तिला समजावून सांगू लागलो की जास्त देणं हेही चुकीचंच माप आहे, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं आणि तिनं शेजारच्या गाडीवरून उसनी आणून टाकली. शेवटी मी बोलणं थांबवलं तेव्हा सात किलो झाली होती. किराणावाल्याकडे मग व्हिनेगरच्या सात बाटल्या घ्याव्या लागल्या. त्यानं विचारलं, एवढ्या व्हिनेगरनं काय धुणार आहात? मी पैसे मोजून दिले.

बायकोनं पिशव्या पाहिल्या आणि जाहीर केलं की ती आज एक शब्द बोलणार नाही. ती पुस्तक घेऊन बाबांच्या शेजारी बसली. पण आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकूंनी असं काही व्रत घेतलेलं नव्हतं. त्या वास यायच्या आधीच आल्या. त्यांचं म्हणणं असं की बीट आधी सोलावं, शेंडा-बुडखा कापावा, चार तुकडे करावेत आणि मग उकडावं, म्हणजे वेळ निम्मा लागतो. वहीत नुसतं 'उकडणे' लिहिलेलं होतं. मला हिशेब पटला. सोलता सोलता माझे हात कोपरापर्यंत लाल झाले. सात किलो बीट चार पातेल्यांत उकळलं, आणि त्यातला बहुतेक सगळा रंग पाण्यात उतरला. बीट जरा गुलाबी राहिलं. काकू म्हणाल्या, असं व्हायला नको होतं, आणि त्यांनी काढता पाय घेतला.

आता चार पातेली लाल पाणी राहिलं. ते मी मोरीत ओतलं, चारही एकापाठोपाठ एक. आमच्या मोरीचा पाइप मागच्या भिंतीवरून खाली जातो आणि त्याचा एक सांधा गेली दोन वर्षं सोसायटीच्या विचाराधीन आहे. चौथ्या पातेल्याला त्यानं जीव सोडला. खाली, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, दंतवैद्यांचे चार पांढरे कोट वाळत होते.

मला पाण्याचा आवाज आला आणि मग एक किंकाळी आली. नंतर कळलं की दंतवैद्यांच्या दवाखान्यात त्या वेळी एक पेशंट बसला होता. त्यानं आधी खिडकीतून भिंतीवरचे ओघळ पाहिले, मग तो कोट हातात घेऊन आत आलेले डॉक्टर पाहिले. दाढ दुखत असताना माणूस इतक्या जोरात पळू शकतो हे दंतवैद्यांनाही नवीन होतं.

हे दंतवैद्य सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत. त्यामुळे पुढचं काम फार नियमानं झालं. त्यांनी रहिवासी म्हणून सेक्रेटरींना तक्रार लिहिली. सेक्रेटरी म्हणून तिची पोच स्वतःला दिली. मग मला नोटीस आली: 'इमारतीच्या बाह्य भिंतीचा रंग विनापरवानगी अंशतः बदलल्याबद्दल खुलासा करावा.' बावीस वर्षं मी लोकांना नोटिसा देत आलो. ती हातात घेताना कसं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यातही ती माझ्या लाल हातांवर इतकी पांढरी दिसत होती की मी जिन्यातच उभा राहिलो. खुलाशात मी पट्ट्याची अचूक लांबी कळवली आणि सांध्याकडे लक्ष वेधलं. उत्तर आलं की सांधा हा वेगळा विषय आहे.

एवढं होऊनही अकरा बरण्या भरल्या होत्या. सात किलोला सातपट साखर आणि सातपट पाणी, काचेच्या नळीनं मोजून, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. बरण्या चार दिवस मुरल्या. माझे हात चार दिवस लाल राहिले. ऑफिसात भांडारपाल बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि नोंदवही माझ्यापासून लांब सरकवली. रोज जाऊन मी त्यांना कपाविषयी विचारत होतो, आणि रोज त्या मला माझंच एखादं परिपत्रक वाचून दाखवत होत्या.

गुरुवारी जेवताना बायकोनं बाबांच्या ताटात बीट वाढलं. आम्ही दोघंही आमचं जेवण विसरून बघत होतो. बाबांनी एक काप तोंडात घातला, सावकाश चावला आणि ताटाच्या कडेला बोट टेकवलं.

"छान आहे," ते म्हणाले.

मला त्या शब्दाचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता. खरं सांगायचं तर रागाहून जास्त वाईट वाटलं. बायको खाली बघून ताटातले कण गोळा करत होती. मी म्हटलं, बाबा, मापात चूक नाही. दोनशे दहा मिलीलिटर. कप मी स्वतः तपासला आहे, तीन वेळा.

"कुठला कप?" बाबांनी विचारलं.

"पिवळा."

बाबांनी ताटाच्या कडेवरचं बोट काढलं. मग म्हणाले, बघू, आण तो इकडे.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. अर्ज, रकाना, परिपत्रक चौदा, आणि उद्या अकरा वाजता हातोडा. बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती उठली, कपाटापाशी गेली आणि वरच्या रिकाम्या फळीकडे बघत उभी राहिली. कपाट बंद करून ती आत गेली. एकोणीस वर्षांत मी तिला पुष्कळदा चिडवलं आहे, पण असं कधी बघायची वेळ आली नव्हती.

सकाळी मी चपला घालायला गेलो तर दारात बाबा उभे होते. अंगात कोट, पायात बूट, खिशात डोळ्याला लावायचं भिंग. आठ महिन्यांत ते पहिल्यांदाच उंबरा ओलांडत होते. "चला, जावईबापू," ते म्हणाले. मी त्यांच्या मागे निघालो.

ऑफिसात भांडारपाल बाईंनी टेबलावर सगळा जप्त माल मांडून ठेवला होता. दुहेरी तळाचं तेलाचं माप, आतून पोकळ केलेली तीन वजनं, आणि शेवटी चिठ्ठी बांधलेला सासूबाईंचा पिवळा कप. शेजारी हातोडा. बाबांनी सांगितलं की त्यांना हा कप सोडवायचा आहे. बाईंनी एक छापील फॉर्म काढला. सोडवणुकीसाठी मालकाचा जबाब लागतो, हेही परिपत्रकात आहे, आणि ते मी पार विसरलो होतो. अकरा दिवसांत त्यांनाही ते आठवलं नव्हतं, कारण आजवर कोणी मालक जप्त माल मागायला आलाच नव्हता.

त्यांनी विचारलं, माप कोणाचं? बाबा म्हणाले, माझ्या बायकोचं. त्या हजर आहेत? नाहीत. बाईंनी रकान्यात 'गैरहजर' असं लिहिलं. तो फॉर्म मी बनवला होता, पण तो शब्द तिथे असा दिसेल हे मला माहीत नव्हतं.

"मापात फेरफार झाला आहे का?"

मी नाही म्हणणार होतो. बाबा म्हणाले, "झालाय."

"कोणी केला?"

"मी. एकतीस वर्षं झाली."

"हेतू?"

"बायको रागावू नये म्हणून."

बाईंनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहत होतो. ते सांगू लागले, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. मूळचा कप सासूबाईंना त्यांच्या आईनं दिलेला. धुताना तो बाबांच्या हातून फुटला. त्या बाहेर गेल्या होत्या. बाबांनी तुकडे गुंडाळून टाकून दिले, कप दुकानात घड्याळाच्या तेलासाठी नेला आहे अशी थाप मारली आणि तीन आठवडे भांड्यांची दुकानं पालथी घातली. तोच रंग मिळाला. घडण तीच, फक्त एखाद्या बोटानं मोठा. जुन्या कपाच्या काठाला टवका होता. तो बाबांनी घड्याळाच्या कानशीनं नव्या कपाला पाडला, दुपारभर बसून, भिंग लावून, तसाच्या तसा. मग कप परत जागेवर ठेवला.

"तिला कधी कळलं नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कारागिराचा अभिमान होता, आणि तो मी त्या आठ महिन्यांत पहिल्यांदा ऐकला.

भांडारपाल बाई माझा अहवाल उलटत होत्या. कामात कसूर करणं त्यांना माहीत नाही. त्यांनी विचारलं, "मग आतला ओरखडा पण तुम्हीच पाडलात का?"

"कुठला ओरखडा?"

त्यांनी वाचून दाखवलं. आत, काठाच्या एक बोट खाली, आडवा. टवका व ओरखडा एकाच हत्याराचे असावेत.

बाबांनी कप उचलला. खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि कप उजेडाकडे धरून ते किती वेळ बघत राहिले. आम्ही दोघं उभे होतो. शेवटी त्यांनी भिंग काढलं.

"कानस माझीच आहे," ते म्हणाले. "हात माझा नाही."

मग हळूहळू त्यांना आठवलं. त्याच वर्षी एकदा कानस डब्यात उलटी ठेवलेली सापडली होती. त्यांनी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, मला काय करायची आहे तुमची कानस.

"एकतीस वर्षं," बाबा म्हणाले. "जुना कप भरायचा तेवढंच, त्या रेघेपर्यंत भरत होती. वहीत मात्र 'कप भरून' तसंच ठेवलं. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाही." त्यांचा चेहरा हसावं की काय करावं असा झाला होता. मग ते हसले, आणि हसताना डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

बाईंनी नियमाप्रमाणे कपात रेघेपर्यंत पाणी भरून मोजलं. एकशे साठ. म्हणजे दर किलोमागे पन्नास मिलीलिटर साखर आणि पन्नास मिलीलिटर पाणी जास्त. मी तीनदा मोजून, नळी लावून, अकरा बरण्या अत्यंत अचूकपणे चुकवल्या होत्या. ती रेघ मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती आणि तिच्यापर्यंत भरून बघायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

परिपत्रकात शेवटी एक कलम आहे. मालकानं फेरफार स्वतःहून कबूल केला तर पहिल्या वेळी समज देऊन माप परत करता येतं. बाईंनी समज मोठ्यानं वाचली: पुन्हा असा प्रकार करणार नाही असं लिहून द्या. बाबांनी पेन घेतलं.

"देतो लिहून," ते म्हणाले. "आता रागावणारी कुठे आहे."

त्यांनी सही केली. बाईंनी कपाची चिठ्ठी सोडवली, तो स्वतःच्या रुमालानं पुसला आणि दोन्ही हातांनी बाबांना दिला. असं कोणत्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.

घरी जाताना बाबांनी बीट घेतलं. मला त्यांनी लांब उभं राहायला सांगितलं. भाजीवाली त्यांना ओळखत नव्हती, तिनं एक किलो दिलं. मी घरी गेल्यावर ते तोलून बघणार नव्हतो. बघितलं, पन्नास ग्रॅम कमी होतं. मी काही बोललो नाही.

बायकोनं दार उघडलं आणि तिला आधी कप दिसला, मग बाबा. सगळी हकिगत बाबांनीच सांगितली. ती ऐकून बायकोनं कप हातात घेतला, बोट आत घालून ती रेघ चाचपली आणि मग माझ्याशी बोलली. तुमचे हात अजून लाल आहेत, म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

बाबा कोट काढून ओट्यापाशी उभे राहिले. बीट सोलायचं नाही, शेंडा नि शेपटी ठेवायची, सालीसकट उकडायचं, नाहीतर रंग जातो, त्यांनी मला बजावलं. त्यांनी हे तीस वर्षं दारात उभं राहून पाहिलं होतं. मग हे गेल्या रविवारी का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं. तू विचारलं नाहीस, ते म्हणाले. साखर रेघेपर्यंत, पाणी रेघेपर्यंत. मीठ बायकोनं अंदाजे घातलं.

माझ्या अकरा बरण्यांपैकी चार मी एकेका कोटामागे एक याप्रमाणे दंतवैद्यांना नेऊन दिल्या. त्यांनी रहिवासी म्हणून त्या स्वीकारल्या आणि म्हणाले की इतकी साखर आणि इतकं आंबट एकत्र असणं त्यांच्या व्यवसायाला चांगलं आहे. सांधा अजून विचाराधीन आहे. काकूंना दोन दिल्या. त्या म्हणाल्या, आधी सोललं असतं तर अजून बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी आम्ही बाबांची बरणी उघडली. जेवायची हाक एकदाच मारावी लागली. बायकोनं त्यांच्या ताटात तीन काप वाढले आणि आपली खुर्ची मागे न ओढताच उभी राहिली. बाबांनी काप तोंडात घातला, चावला, आणि कपाळाला आठी घातली. मी मनात म्हटलं, आता म्हणतात छान आहे.

"मीठ कमी आहे," बाबा म्हणाले. "आणि काप जाड झालेत. तुझी आई इतके जाड कधी करत नव्हती."

बायको मीठ आणायला आत गेली ती बऱ्याच वेळानं, रिकाम्या हातानं बाहेर आली. म्हणाली, डोळ्यांत साबण गेला. बाबांनी तोवर दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.